कठड्याचे बळ त्याच्या पायथ्याशी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशचतुर्थीसाठी आम्ही सारी भावंडे कोकणात थोरल्या बंधूंच्या घरी जमलो होतो. घराची मागील बाजू उताराची आहे. आंब्या-फणसाच्या सावलीत चार माणसांना बसता यावे म्हणून बंधूंनी आदल्या उन्हाळ्यात त्या उतारावर फळ्यांचा एक ओटा उभारून घेतला होता. अशा ओट्याला हल्ली शहरांतून ‘डेक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. घराकडील बाजूस ओटा जमिनीला टेकलेला, तर उताराकडील बाजूस जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच. तीन बाजूंना सागवानी कठडा. रंधकाम इतके सुबक की, येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवून पाहिल्याशिवाय राहत नसे.

सकाळची आरती आटोपली आणि आमचे काका चहाचा पेला हातात घेऊन त्या कठड्याला टेकले. कोणी धक्का दिला नाही, की कोणाची धावपळ नव्हती. कडाड असा एक आवाज झाला आणि दोन खांबांमधला कठड्याचा संपूर्ण पाखा काकांसह खाली गेला. काकांच्या खुब्याचे हाड मोडले. रोज पहाटे तीन किलोमीटर फिरावयास जाणारे बहात्तर वर्षांचे आमचे काका पुढले सहा महिने खाट, चाकांची खुर्ची आणि काठी यांतच अडकून पडले. काठीने चालू लागल्यावरही ‘मी आता त्या ओट्यावर पाय ठेवणार नाही’, असे ते निक्षून सांगत.

कठडा मोडला कसा, हे पाहण्यासाठी बंधूंनी गावातील एका वृद्ध मेस्त्रींना बोलावले. त्यांनी तुटलेला पाखा उलटा करून पाहिला, खांबांच्या बुडांवरून बोट फिरवले आणि ते म्हणाले, “दादा, लाकडात खोट नाही. रंधा तर माझ्याहून चांगला मारलाय. पण हा खांब ओट्यावर उभा नव्हता, खिळ्यांवर उभा होता.” प्रत्येक खांब काठच्या तुळईला बाहेरून लावून चार-चार खिळे ठोकलेले होते, एवढाच काय तो त्या देखण्या कठड्याचा आणि ओट्याचा संबंध. काम घाईचे होते, पावसाळा तोंडावर आला होता आणि खांब कसा बसवणार, हा प्रश्न आम्हांपैकी कोणीही सुताराला विचारला नव्हता. दोष एकट्या सुताराचा नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी कबूल करावे लागले.

त्यानंतर तो कठडा नव्याने बांधला गेला. ते काम मी जवळून पाहिले आणि थोडे हातांनीही केले. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते ज्यांच्या घरी ओटा, सज्जा, गच्ची किंवा चार पायऱ्या आहेत अशा प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

कठड्याचे तीन अवयव

कठडा ही वस्तू आपल्या देशाला नवी नाही. सांचीच्या महास्तूपाभोवती सुमारे दोन हजार वर्षांपासून दगडी वेदिका उभी आहे. तिच्या अवयवांना आपल्या पूर्वजांनी नेमकी नावे दिली होती: उभा तो स्तंभ, आडवी ती सूची आणि सर्वांना माथ्यावरून बांधून ठेवणारा तो उष्णीष. काम दगडाचे असले, तरी जोडणी मात्र सुताराची आहे. स्तंभांना खोबणी पाडून तीत सूचींची टोके बसविली आहेत आणि स्तंभांच्या माथ्यावरची कुसे उष्णीषाच्या तळच्या खोबणींत गेली आहेत. लाकडी कुंपणाची रीत पाथरवटांनी जशीच्या तशी दगडात उतरविली, असे अभ्यासक सांगतात.

हेच तीन अवयव आजही प्रत्येक कठड्यात असतात, मग तो वाड्याच्या सज्जाचा असो वा हिमाचलातील डोंगरी घराच्या लाकडी गॅलरीचा. केरळातील जुन्या घरांत ओसरीच्या काठाने पाठ टेकून बसण्यासाठी ‘चारुपडी’ नावाचे लाकडी बाक असतात. तेथे कठडाच बैठकीची पाठ होतो. ब्रह्मपुत्रेच्या पुरापासून बचाव व्हावा म्हणून आसामातील मिसिंग लोक आपली ‘चांगघरे’ बांबूच्या आणि लाकडाच्या खांबांवर उंच बांधतात. प्रदेश बदलतो, लाकूड बदलते. परंतु माणूस जमिनीपासून वर राहू लागला की, काठाशी त्याला आधार लागतोच.

मात्र सांचीच्या वेदिकेत आणि आपल्या ओट्याच्या कठड्यात एक मोठा भेद आहे. तेथील स्तंभ थेट भूमीवर उभा आहे आणि तो सगळा भार भूमीला देतो. आपल्या ओट्याच्या कठड्याचा खांब मात्र बहुधा ओट्याच्या काठाला नुसता चिकटलेला असतो. त्याच्या पायाखाली भूमी नाही. आहे ती एक तुळई आणि थोडे लोखंड. म्हणून सारी परीक्षा त्या सांध्याची होते.

तरफेचे गणित

ही परीक्षा किती कठीण असते, हे थोड्या हिशेबाने कळेल. अमेरिकेत घरामागे लाकडी ओटे बांधण्याची चाल फार आहे. तेथील निवासी इमारतींच्या आदर्श संहितेनुसार कठड्याच्या माथ्यावर कोठेही २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो इतका जोर आला, तरी कठडा टिकला पाहिजे. एखादा प्रौढ माणूस तोल जाऊन आदळला, किंवा दोन-तीन माणसे मिळून रेलली, तर एवढा जोर सहज येतो.

आता असे समजा की, कठडा फळ्यांपासून १ मीटर उंच आहे आणि खांब काठच्या तुळईला दोन बोल्टांनी जोडला आहे. वरचा बोल्ट फळ्यांच्या पातळीखाली ५ सेंटिमीटरवर आणि खालचा १५ सेंटिमीटरवर. माथ्यावर बाहेरच्या दिशेने जोर आला की, खांब तरफेसारखा वागतो. खालच्या बोल्टापासून माथ्यापर्यंतची भुजा ११५ सेंटिमीटर, तर दोन बोल्टांमधील अंतर अवघे १० सेंटिमीटर. म्हणजे माथ्यावरचा ९० किलोचा जोर वरच्या बोल्टापाशी येताना साडेअकरा पट होतो: १,०३५ किलो, एक टनाहूनही अधिक! बोल्टांमधील हेच अंतर जर ५ सेंटिमीटर ठेवले, तर ओढ १,९८० किलोवर जाते. असे असता चार खिळ्यांनी काय करावे? खिळा आडव्या कापाला काही काळ दाद देत नाही. पण सरळ उपसून काढणाऱ्या ओढीपुढे तो टिकत नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कठड्याचे सामर्थ्य त्याच्या माथ्याच्या जाडीवर, नक्षीवर किंवा लाकडाच्या किंमतीवर मुख्यतः ठरत नाही. ते खांबाच्या पायथ्याशी ठरते. दुसरी अशी की, दोन बोल्टांमधील अंतर जितके वाढवावे, तितकी ओढ कमी होते. म्हणून काठची तुळई रुंद असावी. २० सेंटिमीटरहून अधिक असेल तर फारच उत्तम.

खांब बसवावा कसा?

मेस्त्रींनी जुने खांब टाकून दिले नाहीत. ते १० सेंटिमीटर चौरस सागाचे होते आणि निर्दोष होते. परंतु खालच्या बाजूस त्यांची निम्मी जाडी खाच मारून काढलेली होती, जेणेकरून खांब ओट्याच्या काठावर नीट बसलेला दिसावा. मेस्त्रींनी तो खाच मारलेला भाग कापूनच टाकला. ते म्हणाले, “जिथं सगळ्यात जास्त जोर येतो, नेमकं तिथंच लाकूड काढून टाकायचं, ही कुठली रीत?” त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. वाकविणाऱ्या जोराला तोंड देण्याची लाकडाची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी निम्मी केली की, शक्ती निम्मी नव्हे, एक चतुर्थांश उरते.

कापल्यामुळे कमी पडलेली लांबी मेस्त्रींनी मोठ्या युक्तीने भागविली. उरलेले आखूड खांब त्यांनी पायऱ्यांच्या कामी वळविले आणि ओट्यासाठी तेवढे नवे, अखंड खांब आणविले. हे खांब त्यांनी काठच्या तुळईच्या बाहेरून न लावता आतून लावले. ज्या ठिकाणी ओट्याखालची आडवी तुळई काठच्या तुळईला येऊन मिळते, त्या कोपऱ्यात खांब उभा केला. त्यामुळे खांबाला दोन बाजूंनी लाकडाचा शेजार मिळाला. मग त्याच्या मागल्या अंगाला, शेजारच्या दोन तुळयांच्या मध्ये, तुळईच्याच जाडीचा एक ठोकळा घट्ट बसविला. यातील मर्म असे की, खांब बाहेर झुकू लागला म्हणजे वरच्या अंगाला तो काठच्या तुळईवर रेलतो आणि त्याचे बूड आत येऊ पाहते. ते बूड आता ठोकळ्याला अडते.

यानंतर गिरमिटाने आरपार भोके पाडून १२ मिलिमीटर जाडीचे, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट घातले: दोन काठच्या तुळईतून आणि दोन आडव्या तुळईतून. प्रत्येक नटाखाली मोठी चकती दिली. ही चकती क्षुल्लक समजू नये. एक टन ओढीने बोल्टाचे पोलाद तुटत नाही. बोल्टाच्या डोक्याखालचे लाकूड दबते आणि सांधा सैल पडतो. चकती जितकी रुंद, तितका तो भार लाकडाच्या अधिक पृष्ठभागावर पसरतो.

येथवर काम झाल्यावर आम्हांला वाटले, झाले. परंतु मेस्त्री ओट्याखाली शिरले आणि त्यांनी काठच्या तुळईकडे बोट दाखविले. “खांब तुळईला घट्ट झाला, पण तुळई कुणाला घट्ट आहे?” ती तर आडव्या तुळयांच्या टोकांत खिळे ठोकून लावलेली होती. लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने गेलेला खिळा सहज निसटतो. अशा वेळी खांब तुळईला सोडत नाही; तुळईच खांबाला घेऊन उलगडते. मेस्त्रींनी प्रत्येक खांबाच्या जागी काठची तुळई आणि आडवी तुळई यांना लोखंडी अँगल लावून बोल्टांनी एकत्र बांधले. भार आता खांबाकडून काठाकडे, काठाकडून आडव्या तुळईकडे आणि तेथून सबंध ओट्याकडे जाऊ लागला.

आमच्या मेस्त्रींना जे अनुभवाने ठाऊक होते, ते प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अशा खांबांच्या जोडांच्या चाचण्या घेण्यात आल्या. नुसत्या काठच्या तुळईला जोडलेले नित्याच्या पद्धतीचे जोड अपेक्षित भाराला उतरले नाहीत. खांबाची ओढ आतल्या तुळयांपर्यंत पोचविणारे धातूचे बंध घातल्यावर मात्र ते उतरले.

दोन खांबांमधील अंतर १.८ मीटरहून अधिक नसावे. लाकूड वाचविण्यासाठी हे अंतर वाढविण्याचा मोह होतो. परंतु अंतर दुप्पट केले की, तेवढ्याच जोराने मधली आडवी पट्टी आठपट वाकते. प्रत्येक खांब ओळंब्याने सरळ आणि माथ्याची पट्टी पाणसळीने समतल करून घ्यावी. माथ्याच्या पट्टीचे सांधे खांबावरच यावेत, दोन खांबांच्या मध्ये अधांतरी नसावेत.

ज्यांच्या घरी दगड-विटांचा ओटा किंवा काँक्रीटची गच्ची आहे, त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. तेथे लोखंडी कठड्याचा गज काँक्रीटमध्ये जेथे शिरतो, नेमके त्याच जागी पाणी साचते आणि गंज चढतो. वरचा गज रंगाने चकाकत असताना पायथा आतून पोखरलेला असू शकतो. म्हणून त्या जागी सिमेंटचा लहानसा उतार करून पाणी बाहेर काढावे आणि रंगाचा हात प्रथम तेथेच फिरवावा.

मापे कोणासाठी?

कठड्याची मापे आपण बहुधा स्वतःच्या, म्हणजे धडधाकट प्रौढ माणसाच्या अंदाजाने घेतो. वस्तुतः कठड्याची खरी गरज असते ती घरातील सर्वांत लहानाला आणि सर्वांत वृद्धाला. म्हणून मापे त्यांच्या अंगाची घ्यावीत.

उंचीचे पाहू. आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०१६ साली ती सुधारून काढण्यात आली. गच्ची, सज्जा, ओसरी यांच्या काठाचा कठडा १ मीटरहून कमी उंचीचा नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. हे माप तयार जमिनीपासून, म्हणजे फरशी किंवा फळ्या बसल्यानंतर घ्यावयाचे. उभ्या माणसाचा तोल कमरेच्या आसपास असतो. कठडा त्याहून खाली असला, तर तो आधार न होता अडखळण होतो.

दुसरे माप फटींचे. दोन गजांमधून १० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू जाता कामा नये, ही कसोटी सोपी आणि उत्तम आहे. रांगते मूल फटीतून प्रथम पाय घालते, मग धड; डोके मात्र अडकते आणि मूल लोंबकळते. हा प्रकार अत्यंत घातक असतो. फटींचे माप याच भयातून ठरले आहे. फळ्या आणि कठड्याची खालची पट्टी यांमधील जागाही याच मापाने तपासावी. ती हमखास विसरली जाते.

तिसरी गोष्ट मापाची नसून दिशेची आहे. मधले गज उभे असावेत. आडवे गज दिसावयास प्रशस्त वाटतात. परंतु दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती आयती शिडी असते. याच कारणाने कठड्यालगत बाक, पेटी किंवा मोठी कुंडी ठेवू नये. त्यावर मूल चढले की, १ मीटरचा कठडा अर्ध्या मीटरचा होऊन बसतो.

पायऱ्यांचा आधार

आमच्या ओट्यावरून बागेत उतरण्यासाठी सात पायऱ्या होत्या आणि त्यांना आधाराची पट्टी नव्हती. ‘सात तर पायऱ्या!’ असे आम्ही म्हणत असू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे दगावतात आणि साठीच्या पुढील माणसांना हा धोका सर्वाधिक असतो. पडण्यासाठी कडाच लागतो असे नाही. ओली पायरी पुरेशी होते.

पायऱ्यांवरील आधार हा केवळ अडसर नव्हे; तो मुठीत धरावयाचा असतो. म्हणून त्याचा आकार हाताच्या मापाचा हवा. गोल दांडा असल्यास त्याचा व्यास ३ ते ५ सेंटिमीटर असावा, म्हणजे बोटे सभोवार वळून अंगठ्याला भेटू पाहतात. कठड्याच्या माथ्यावर बसविलेली रुंद सपाट फळी हात ठेवावयास छान असते. परंतु तोल गेला असता ती धरता येत नाही, हात तिच्यावरून घसरतो. अशी रुंद फळी असेल, तर तिच्या आतल्या अंगाला वेगळा गोल दांडा लावावा. दांडा आणि मागचे लाकूड किंवा भिंत यांमध्ये किमान ४ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, नाहीतर बोटांची सालटे निघतात.

हा दांडा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत अखंड असावा आणि शक्य तर दोन्ही टोकांना वीतभर पुढे जावा. अंधारात उतरणाऱ्याला किंवा मंद दृष्टीच्या माणसाला पायऱ्या संपल्याचे डोळ्यांआधी हाताला कळते. दांड्याची टोके भिंतीकडे किंवा खांबाकडे वळवून घ्यावीत, म्हणजे त्यांत साडीचा पदर किंवा सदऱ्याची बाही अडकत नाही.

पाणी, बुरशी आणि गंज

कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावरच्या लाकडाचा खरा शत्रू हाच. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की, त्यात बुरशी वाढू लागते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. म्हणून पाण्याला रोखण्यापेक्षा त्याला लवकर वाट करून देणे, हे अधिक शहाणपणाचे.

उघड्यावरच्या कामास साग उत्तम. परंतु सागातही गाभ्याचे लाकूडच टिकाऊ असते. सालीलगतचे पांढुरके लाकूड वाळवीला आणि बुरशीला लवकर बळी पडते, मग झाड कोणतेही असो. विकत घेताना फळीची कड नीट पाहावी. लाकडाचे टोक पाणी सर्वांत अधिक पिते. म्हणून खांबांच्या माथ्यांना उतार द्यावा आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला, बोल्टाच्या भोकांनाही, जोडणीपूर्वीच तेल पाजावे. जवसाचे तेल सर्वत्र मिळते. काजूच्या टरफलांचे तेलही किनाऱ्यावर होड्यांना आणि लाकडाला लावतात. मात्र ते अंगाला लागल्यास कातडी भाजते, यास्तव हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. ज्या दांड्याला रोज हात लागावयाचा, त्याला ते लावूच नये.

समुद्राजवळच्या खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड थोड्याच वर्षांत गंजते. तेथे जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचेच बोल्ट वापरावेत. हा खर्च प्रथम जड वाटतो. आमच्या घरी सगळ्या बोल्टांची आणि चकत्यांची किंमत कठड्याच्या लाकडाच्या किंमतीचा लहानसा अंश होती. आणि काकांच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशी तिची तुलना करण्यात अर्थच नव्हता.

वर्षातून एकदा

कठडा एकदा बांधला की, आपण त्याला विसरतो. वास्तविक दर पावसाळ्यानंतर, दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत, त्याची परीक्षा घ्यावी. प्रथम ओट्याखाली जाऊन पाहावे. रोग नेहमी खालूनच सुरू होतो. खांबाच्या बुडाशी आणि काठच्या तुळईत टोच्या किंवा पेचकस टोचून बघावा. तो लोण्यासारखा आत गेला, तर ते लाकूड बदलावयास हवे. वरून रंग लावून भागणार नाही. ऊन-पावसाने लाकूड आकसते आणि नट सैल पडतात. पान्याने ते पुन्हा आवळावेत. चकतीभोवती तांबूस ओघळ दिसल्यास तो बोल्ट काढून तपासावा.

मग प्रत्येक खांब हलवून पाहावा. मात्र हे करताना अंगाचा भार त्यावर टाकू नये. आम्ही खांबाच्या माथ्याला लांब दोर बांधतो आणि खाली बागेत बाजूला उभे राहून दोघेजण तो बाहेरच्या दिशेने ओढतो. त्या वेळी ओट्यावर कोणी नसते. खांब किंचित वाकून परत सरळ झाला, तर चिंता नाही. पायथ्याशी फट दिसू लागली, किंवा करकर असा आवाज आला, तर सांधा उघडून पाहिल्यावाचून त्या कठड्याला कोणी टेकू नये. ज्यांना स्वतःला हे काम जमण्यासारखे नाही, त्यांनी सुताराला बोलवावे आणि बोलावताना ‘कठडा कसा दिसेल?’ एवढेच न विचारता ‘खांब कशाला धरून राहील?’ हेही विचारावे. जाणत्या सुताराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट आपले काम समजून घेणारे गिऱ्हाईक भेटल्याचा आनंद होतो.

नवा कठडा पुरा झाला, त्याच्या पुढल्या चतुर्थीला काका पुन्हा गावी आले. दोन दिवस ते पडवीतूनच ओट्याकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते काठी टेकत मागल्या दारी आले. नव्या दांड्यावर हात ठेवून सातही पायऱ्या एकदा उतरले आणि एकदा चढले. नंतर कठड्यापाशी जाऊन त्यांनी एका खांबाचा माथा दोन्ही हातांनी धरला व तो चांगला गदागदा हलवून पाहिला. खांब जागचा ढळला नाही. “मेस्त्री कुठे आहेत?” त्यांनी विचारले. मेस्त्री बागेतच होते. काका त्यांना म्हणाले, “वर या. चहा आपण इथेच घेऊ.”

तेव्हापासून दर वर्षी काका ओट्यावर येतात ते प्रथम तो खांब हलवूनच बसतात. आम्ही हसतो; परंतु त्यांच्यामागून आमची मुलेही आता तसेच करू लागली आहेत. आपल्या घरच्या कठड्याला आपण कितीदा टेकलो असू, याची गणतीच नाही; पण त्याचा पायथा शेवटी केव्हा पाहिला, हे मात्र कित्येकांना आठवणार नाही. आज संध्याकाळी दिवा घेऊन, वाकून, तो एकदा पाहावा.